उजवी रिकीब

मित्रांनो, मी एक जुनी रिकीब आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. घोड्यावर बसलेल्या माणसाचे पाय ज्या दोन लोखंडी कड्यांमध्ये टेकलेले असतात, त्यातलं एक कडं म्हणजे मी. खोगिराच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या पट्ट्यांनी आम्ही लोंबत असतो, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. हल्लीची मुलं आम्हाला घोड्याचं पॅडल म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला फार राग आला होता. आता सवय झाली आहे.

मी उजवी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. घोड्यावर चढणारा माणूस डावीकडून चढतो. डाव्या रिकिबीत पाय घालतो, अंग वर झोकतो आणि मग उजवा पाय पलीकडे टाकतो. म्हणजे पहिला मान डावीचा. मी आपली पलीकडे, घोड्याच्या पोटाआड. बघायला जमलेली माणसंही डावीकडेच उभी राहतात. माझ्या बाजूला येऊन कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

माझा जन्म भोकरदन तालुक्यातल्या एका लहानशा गावात, कचरू लोहाराच्या भट्टीत झाला. बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव मोडीत निघाली होती. तिचंच लोखंड तापवून, ठोकून, वाकवून कचरूनं आम्हा दोघींना घडवलं. पाय टेकतो ती पट्टी त्यानं चांगली रुंद ठेवली आणि माझ्या खांद्यावर छिन्नीनं एक चांदणी कोरली.

"ही चांदणीवाली उजवी," तो म्हणाला. "अदलाबदल करू नका, न्हाईतर पट्ट्याचं माप चुकतंय."

डावीवर चांदणी नव्हती. तेवढ्या एका बाबतीत मी तिच्यापेक्षा वरचढ होते आणि ते मी तिला जन्मभर ऐकवलं. तीही काही कमी नव्हती. "पाय आधी माझ्यात पडतो," एवढं बोलून ती गप्प बसायची आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

आमचा पहिला धनी पुंजाराम. तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. त्याचा घोडा पाखऱ्या, रंगानं तांबडा आणि स्वभावानं बिलंदर. खोगीर ज्या पोटपट्ट्यानं घोड्याच्या अंगाला बांधतात त्याला तंग म्हणतात. पुंजाराम तंग आवळायला लागला की पाखऱ्या पोट फुगवून उभा राहायचा. गाठ बसली की हळूच पोट आत घ्यायचा आणि तंग सैल पडायचा. सैल खोगिरावर डावीकडून माणसाचा भार पडला, की खोगीर गर्रकन फिरतं आणि माणूस खाली येतो. पुंजाराम असा बऱ्याचदा आपटला. मग त्यानं उपाय काढला. चढायच्या आधी तो धाकट्या बहिणीला हाक मारायचा.

"नंदे, पलीकडून धर."

नंदा हातातलं काम टाकून पळत यायची, दोन्ही हातांनी मला पकडायची आणि सगळा जीव लावून खाली ओढून धरायची. तिकडं भाऊ चढतोय, इकडं बहीण तोल सांभाळतेय. तिच्या तळहातांना पिठाचा नाहीतर शेणाचा वास असायचा. त्या मुलीचा मला फार लळा लागला होता.

पुढं नंदाचं लग्न झालं आणि ती पिंपळगाव रेणुकाईला सासरी गेली. नंदाची नंदाबाई झाली. सणावाराला तिला माहेरी आणायला पुंजाराम मुराळी म्हणून निघायचा. लेकीला सासरहून घेऊन यायला माहेरचं जे माणूस जातं तो मुराळी. एसटी होती, पण पुंजारामला पाखऱ्यावरून ऐटीत जायची हौस. त्या दोघांच्या आईला ओव्या सुचायच्या. दळताना तिनं आमच्यावरही ओवी बांधली. नंदा माहेरी असताना भाऊ गावाला निघायचा, तो क्षण तिनं त्यात पकडला होता.

*बंधू निघाला गावाला, डाव्या रिकिबीत पाय,*
*उजवी धरूनी उभी, पाठची बहीण हाय.*

बघितलंत? डावीला नुसता पाय मिळाला. मला बहीण मिळाली. ही ओवी नंदाबाई सासरी घेऊन गेली आणि धान्य पाखडताना, लेकरं झोपवताना गात राहिली.

दिवस बदलले. पाखऱ्या म्हातारा होऊन गेला. पुंजारामनं मोटारसायकल घेतली. ज्या दिवशी ती दारात आली त्याच दिवशी खोगीर माळ्यावर गेलं, आणि एका बाजाराच्या दिवशी खोगिरासकट आम्ही दोघी जालन्याच्या अलीमकडे गेलो. अलीम कदीम जालन्यात, म्हणजे जुन्या जालन्यात राहतो. त्याच्याकडे रेशमा नावाची पांढरी घोडी आहे आणि लग्नसराईत तो तिला गावोगाव घेऊन जातो. पुंजारामनं आम्हाला देताना एकदा हात फिरवला आणि निघून गेला. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, अलीमकडे आम्हाला रोज बँड ऐकायला मिळायचा.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगते, ज्यानं भावाबहिणीत भिंत उभी केली.

नंदाबाईचा मुलगा कल्याण, त्याचं लग्न पिंपळगावातच होतं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत देवाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. नंदाबाईच्या सासरच्या घराण्यात एक रीत होती. नवरदेव घोडीवर चढताना मामानं रिकीब धरायची आणि देवळापुढं त्याच मामाला मानाचा फेटा बांधायचा. अलीम रेशमाला छोट्या हत्तीत चढवून घेऊन आला. टेम्पोला आमच्याकडं छोटा हत्ती म्हणतात, त्यामुळे हत्तीतून घोडी उतरली असं म्हणायला हरकत नाही.

पुंजारामनं आम्हाला लांबूनच ओळखलं. जवळ आला, खांद्यावरच्या गमछ्यानं मला पुसलं, चांदणीवरून अंगठा फिरवला. त्या दिवशी तो नव्या वहाणा घालून आला होता. करकरणाऱ्या, पुढं हिरवा गोंडा असलेल्या. नंदाबाईनं आहेरात त्या खास भावासाठी घेतल्या होत्या.

"तंग बराबर आवळला का?" त्यानं अलीमला विचारलं.

"बिलकुल बराबर हाय, मामा. सकाळीच आवळला."

पण सकाळ होऊन बराच वेळ झाला होता आणि रेशमाला पाखऱ्याचीच खोड होती.

बँड सुरू झाला. फटाक्यांची लड लागली. अलीम समोर लगाम धरून घोडीच्या तोंडाशी बोलत होता. पुंजाराम डावीकडे, मानाच्या जागी, वाकून उभा. कल्याण तसा भरल्या अंगाचा. त्यानं डाव्या रिकिबीत पाय घालून जोर दिला मात्र, खोगीर सरकलं. कल्याणनं पाय परत खाली घेतला. लोकांना वाटलं, नवरदेव लाजतोय. सगळे हसले. पुंजाराम मात्र काय ते समजला. त्यानं डावी सोडली आणि घोडीला मागून वळसा घालून धावत माझ्याकडे आला.

मानाची जागा मोकळी पडली. फोटोवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं. शेजारी तालुक्याचे पुढारी रामप्रसाद उभे होते. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा तुम्ही या की." साहेब आले, हसत वाकले आणि दोन बोटं डावीला लावून कॅमेऱ्याकडे बघत राहिले. त्यांचा काही दोष नव्हता. बोलावलं म्हणून आले.

पलीकडे पुंजारामनं मला दोन्ही हातांनी पकडलं होतं. कल्याणनं पुन्हा पाय घातला आणि अंग झोकलं. मित्रांनो, त्या वेळी जो भार आला तो मी आजही विसरलेले नाही. माझी पट्टी करकरली. पुंजारामचे पाय मातीत रुतले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यानं मला सोडलं असतं तर नवरदेव डोक्यावर पडला असता, तोही फटाक्यांनी बिचकलेल्या घोडीच्या पायाखाली. पण कल्याण नीट बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी, डावीकडून.

घोडी पुढं निघाली. गर्दी तिच्यासोबत गेली. पुंजाराम मागे राहिला, तळहात चोळत.

देवळापुढं फेट्याची वेळ झाली. रिकीब कुणी धरली, असा पुकारा झाला आणि दहा जणांनी साहेबांकडे बोट दाखवलं. फेटा साहेबांच्या डोक्यावर चढला. नंदाबाई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिनं पाहिलं, तर डोक्यावर फेटा परक्याच्या आणि भाऊ गर्दीच्या मागून सावकाश चालत येतोय. तिचा चेहरा पडला. चार लोकांसमोर ती बोलून गेली.

"दादा, मानाच्या टायमाला कुठं गेल्ता तू? एवढं एकच काम होतं तुला. माझ्या लेकाची रिकीब परक्यानं धरली."

मी तिथंच होते, घोडीच्या पोटाला लटकलेली. मला तोंड असतं तर मी बँडच्या वर ओरडले असते. पुंजारामनं बहिणीकडे एकदा पाहिलं, मोटारसायकलला किक मारली आणि न जेवता निघून गेला.

त्या दिवसानंतर तो पिंपळगावला आला नाही. दिवाळी नाही, पंचमी नाही, कल्याणच्या लेकराचं बारसं नाही. नंदाबाईला वाटायचं, चूक दादाची, तोच येईल. पुंजारामला वाटायचं, बोलली ती, तिनंच यावं. दोघंही मूग गिळून बसले. हे मला खूप पुढं कळलं.

मधल्या काळात माझे दिवस फिरले. लग्नाच्या गिऱ्हाइकांना चमकणारं सामान हवं असतं, म्हणून अलीमनं चंदेरी टिकल्यांचं नवं खोगीर आणलं. त्याच्या रिकिबी आरशासारख्या होत्या. आम्ही दोघी आधी खुंटीला आणि मग कोपऱ्यात गेलो. एक दिवस भंगारवाला आला आणि डावीला घेऊन गेला. जालन्यात भंगाराचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. भट्टीत वितळवून त्याच्या सळ्या करतात. माझी बहीण आता कुठल्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असेल. जन्मभर भांडलो आम्ही, पण ती गेली तेव्हा मला रडू आलं. ज्याच्या डोक्यावर ती असेल त्याचं छप्पर मात्र कधी गळायचं नाही, एवढी खात्री मी देते.

मी वाचले ती अलीमच्या आईमुळे. मैमूनाबी म्हणतात तिला. तिच्या खुराड्याचं झाकण वाऱ्यानं उडायचं, म्हणून तिनं मला उचलून त्यावर ठेवलं. घोड्यावरून उतरले आणि कोंबड्यांवर बसले. पण मैमूनाबीनं मला कधी पॅडल म्हटलं नाही. ती रिकाब म्हणायची, आमचं मूळ नाव. कुणी तब्येत विचारली की हसून सांगायची, "हम तो पा-ब-रिकाब बैठे हैं." म्हणजे पाय रिकिबीत घालून बसलोय, हाक आली की निघायचं. जुन्या उर्दूत प्रवासाला तयार असलेल्या माणसाला असं म्हणतात. तेवढंच मला बरं वाटायचं. नाहीतर आमच्या सोबतच्यांचं बघा. लगामाला आजही काम आहे, खर्चाला लगाम, जिभेला लगाम. खोगीर तर खोगीरभरतीच्या जोरावर रोज कुठं ना कुठं छापून येतं. एकटी मीच लोकांच्या तोंडातून उतरले.

आणि मग एका दुपारी अर्पिता आली.

अर्पिता ही नंदाबाईची धाकटी मुलगी, कल्याणची बहीण. जालन्याच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. करत होती आणि तिचं लग्नही नुकतंच ठरलं होतं. भावाच्या लग्नात घोडी अलीमनंच आणली होती हे तिला आठवत होतं.

"चाचा, मला एक रिकीब बघायची होती," ती म्हणाली.

"कशाला?"

"जुन्या साहित्यातले घोडेस्वारीचे शब्द शोधून राह्यले मी. हा शब्द लई भेटतो. पण हातात घेऊन कधी पाह्यली न्हाई."

अलीमनं नवी चकचकीत रिकीब पुढं केली. अर्पितानं ती पाहिली, पण तिचं मन भरलं नाही. तिनं बाजेवर बसून वाचलेलं सांगायला सुरुवात केली आणि मी खुराड्यावर बसून कान टवकारले. जुन्या बखरींमध्ये, ती म्हणाली, सरदार मोहिमेला निघाला असं सरळ लिहीत नाहीत, त्यानं रिकिबीत पाय घातला असं लिहितात. तेवढ्यावरून वाचणाऱ्यानं समजायचं, की आता धूळ उडणार. पोवाड्यात शूर गडी रिकिबीत ताठ उभा राहून भाला फेकतो. थकला किंवा जखमी झाला की त्याचा पाय रिकिबीतून सुटतो, आणि शाहिराचा आवाज तिथं खाली येतो. म्हणजे माणूस निघाला कधी, लढला कसा आणि पडला कधी, हे सगळं जुने लोक आमच्यावरून सांगायचे. मला हे काहीच माहीत नव्हतं. कोंबड्यांच्या देखत माझी छाती फुगली.

"आणि घरी आई एक ओवी म्हणते," अर्पिता म्हणाली. "तिच्यात पण रिकीब हाय. लहानपणी मला वाटायचं, कुठल्या तरी गावाचं नाव हाय ते."

मैमूनाबी उठली, खुराड्यावरून मला उचललं, पदरानं पुसलं आणि अर्पिताच्या हातात दिलं. "ये ले बेटा. असली चीज ये है."

असं मी पिंपळगाव रेणुकाईला परत गेले, या वेळी एसटीनं, पुस्तकांच्या पिशवीतून.

नंदाबाई अंगणात सोयाबीन निवडत बसली होती. केस पिकले होते. अर्पितानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं सहज हात फिरवला आणि तिचा अंगठा चांदणीवर थांबला.

"ही तर उजवी हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दादाच्या पाखऱ्याची."

मग अर्पितानं वही बाजूला ठेवून विचारलं, "आई, ती ओवी म्हण ना."

नंदाबाईनं ओवी म्हटली.

"एक सांग," अर्पिता म्हणाली. "बसणारा तर डावीकडून बसतो. मंग बहीण उजवी काहून धरती?"

"खोगीर फिरतं ना गं. तंग सैल असला की बसणारा खोगिरासकट खाली. पलीकडून कुणीतरी भार द्यावाच लागतो. दादा चढला की मीच धरायची, अशी." नंदाबाईनं मला दोन्ही हातांनी पकडून दाखवलं. तेच हात, तशीच पकड.

आणि तशीच ती थबकली. अंगणात एक कोंबडी तेवढी फिरत होती.

"अर्पे," ती म्हणाली, "कल्याणच्या टायमाला खोगीर सरकलं होतं. सगळे हसले होते, मला आठवतंय. मंग दुसऱ्या खेपेला न्हाई सरकलं. पलीकडून कुणी धरलं होतं?"

अर्पितानं मोबाईल काढला. कल्याणच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्याकडे होता, पण आजवर सगळ्यांनी त्यात फक्त नवरदेव पाहिला होता. दोघी डोकं जवळ घेऊन बसल्या. बँड वाजला. कल्याणनं पाय घातला, खोगीर तिरकं झालं, सगळे हसले. पुंजाराम चौकटीतून बाहेर गेला. साहेब आत आले. कल्याण पुन्हा चढायला लागला, आणि अर्पितानं चित्र तिथंच थांबवून बोटांनी मोठं केलं.

रेशमाच्या पोटाखालून पलीकडची जमीन दिसत होती. तिथं दोन पाय होते. मातीत रोवलेले, टाचा उचललेले. पायांत नव्या कोऱ्या वहाणा आणि वहाणांवर हिरवे गोंडे.

नंदाबाईनं तोंडाला पदर लावला. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या वेळी माझ्यावर जे दोन थेंब पडले ते मला अजून जाणवतात. इतकी वर्षं जे एकट्या मला ठाऊक होतं, ते आता तिला ठाऊक झालं. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं बदललं, मला पिशवीत घातलं आणि एसटी पकडली. पुंजाराम आता मुलाकडे बदनापूरला राहतो. ओसरीवर तो पेपर वाचत बसला होता. बहिणीला दारात पाहून त्यानं पेपर खाली केला, पण ये म्हणाला नाही आणि जाही म्हणाला नाही. नंदाबाई जवळ गेली आणि तिनं मला त्याच्या हातात ठेवलं. त्याचा अंगठा आपोआप चांदणीवर गेला.

"दादा, अर्पीचं लगीन ठरलंय. तुला न्यायला आले."

"कोणी पाठवलं?"

"कोणी न्हाई. माहेराहून मुराळी येईना, म्हणून मीच मुराळी होऊन आले."

पुंजारामनं घडी घालून पेपर बाजूला ठेवला.

"तू पलीकडं होता, दादा. उजवी तू धरली होती. मी काल पाह्यलं." "त्याच दिवशी सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? चार लोकांत इचारलं तू, कुठं गेल्ता म्हणून. तिथं काय म्हणू, घोडीच्या आड होतो? लोक हसले असते."

"मी नसते हसले."

"तूच तर इचारलं, नंदे." एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. "बाकीच्यांचं मला काय बी वाटलं न्हाई."

नंदाबाई त्याच्या पायाशी पायरीवर बसली. "चुकलं माझं. जलमभर उजवी धरत आले आन् त्याच दिवशी इसरले. आता तू येतो म्हणेपर्यंत मी हितं पाणी बी पिणार न्हाई. त्या दिवशी तू उपाशी गेल्ता, आज मी उपाशी बसते."

पुंजारामनं मला बाजूला ठेवलं. मग त्यानं घराच्या आत बघून सुनेला हाक मारली. "शालू, दोन ताटं वाढ. मला पिंपळगावला जायचंय."

आता लग्नाचं सांगते, मग तुम्हाला सोडते. अर्पितानं घरात जाहीर केलं, की परण्या नवरदेवाचा निघतो तर नवरीचा का नको, ती स्वतः घोडीवर बसणार. थोडी कुरकुर झाली. तिनं सांगितलं, "शब्द वाचला, हातात घेतला. आता पाय घालून बघायचाय." मग अलीमला निरोप गेला.

अलीम रेशमाला घेऊन आला. खोगीर तेच टिकल्यांचं, डावीकडे नवी चकचकीत रिकीब, पण उजवीकडे नंदाबाईच्या सांगण्यावरून अलीमनं मला नवी पट्टी लावून बसवलं होतं. विजोड दिसत होतो आम्ही. मला मात्र पन्नास वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. तो सगळ्यांना म्हणाला, "आज तंग मी तीनदा आवळलाय. तरी बी उजवीला माणूस पाहिजे."

पुंजाराम आला. पायांत हिरव्या गोंड्याच्या वहाणा होत्या. त्या दिवसानंतर त्यानं त्या घातल्या नव्हत्या, पण टाकल्याही नव्हत्या. तो थेट माझ्याकडे आला आणि त्यानं मला धरलं. हात आता म्हातारे झाले होते. मला काळजी वाटली. तेवढ्यात त्याच्या हातांशेजारी आणखी दोन हात आले. त्यांना हळदीचा वास होता.

"सरक दादा," नंदाबाई म्हणाली. "ही आधीपासून माझी हाय."

फोटोवाला सवयीनं डावीकडे उभा राहिला होता. नंदाबाईनं घोडीच्या पाठीवरून त्याच्याकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली. "इकडं ये बाबा. फोटो इकडचा काढ."

तो वळसा घालून आला. अर्पितानं डावीकडून पाय घातला, अंग झोकलं. खोगीर तसूभरही हललं नाही. मग तिचा उजवा पाय घोडीच्या पाठीवरून अलीकडे आला, मला चाचपडला आणि माझ्यात नीट टेकला. बखरी आणि पोवाडे वाचलेला पाय होता तो. इतक्या मानाचा पाय माझ्यात याआधी कधी पडला नव्हता. देवळापुढं फेटा पुंजारामच्या डोक्यावर चढला, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मी आता अलीमकडे असते आणि प्रत्येक लग्नात उजवीकडे मीच लागते. घोडी उभी केली की अलीम आधी विचारतो, "पलीकडून कोण धरणार?" सुरुवातीला लोक गोंधळतात, मग घरातलं कुणीतरी मुकाट पुढं येतं.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. घरातलं जुनं लोखंड भंगारात टाकण्याआधी कुणा म्हाताऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा. एखाद्या जुन्या पुस्तकात किंवा ओवीत ते नाव तुमची वाट बघत असेल. आणि कुणी वर चढताना दिसलं तर टाळ्या जरूर वाजवा, पण त्याआधी एकदा पलीकडे जाऊन बघा. पलीकडे जाता आलं नाही, तर निदान वाकून खाली बघा. तिथं कुणाचे तरी पाय दिसतील.